पास नको, पावती घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मिरजेत गाण्याचा कार्यक्रम जाहीर झाला की पहिला फोन फुकट पाससाठी येतो. "ताई, दोन पास ठेवा हं आमचे." एका छोट्या संगीत महोत्सवाचे पावतीपुस्तक गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे हा फोन मलाच येतो. मागणारी माणसे दर्दी असतात, गाण्यावर जीव असलेली असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटते. ३१ वर्षे बँकेत कॅशियर होते. पैशांबद्दल स्पष्ट बोलायची सवय आहे, तशीच इथेही बोलते.

आमचा महोत्सव जानेवारीत, तीन संध्याकाळी, एका जुन्या वाड्याच्या चौकात होतो. दीडशे माणसे दाटीवाटीने मावतात. माईक लावत नाही. एका संध्याकाळी सारंगी आणि चेलो (गजाने वाजवायचे मोठे पाश्चात्त्य वाद्य), दुसऱ्या दिवशी कर्नाटकी व्हायोलिनबरोबर ख्यालगायन, तिसऱ्या दिवशी दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो असा पाश्चात्त्य चौघांचा मेळ. पाश्चात्त्य लोक याला चेंबर म्युझिक म्हणतात, आपण बैठक म्हणतो.

"हे भलतेच काय मिसळता?" असे विचारणाऱ्यांना मी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची आठवण करून देते. मिरजेत राहिलेल्या, इथल्या दर्ग्यात सेवा म्हणून गायलेल्या या किराणा घराण्याच्या गवयाने म्हैसूर दरबारच्या निमित्ताने कर्नाटक संगीत जवळून ऐकले, त्यातली सरगम आपल्या गाण्यात आणली आणि कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची खरहरप्रिया रागातली कृती ध्वनिमुद्रितही केली. मग आम्ही नवीन ते काय करतो?

तीन वर्षांपूर्वीची एक दुपार सांगते. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी वाद्ये जुळवणे चालले होते. सतारमेकर गल्लीतले एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून जवारीचा, म्हणजे सुराला झंकार देणारा, दोरा बोटाच्या टोकाने केसभर सरकवत होते. सारंगियांनी षड्ज पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, धरला होता. चेलोची एक मोकळी तार नेमकी त्याच सुराची. चेलोवादक मुलीने ती तार गजाने एकदा सावकाश ओढली आणि सतरंजीवर नुसती ठेवलेली सारंगी आपोआप गुणगुणू लागली. कोणी हात लावला नव्हता, तिच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, बोलत होत्या. कारागिरांनी मान वर केली आणि म्हणाले, "पुन्हा एकदा वाजवा." तो आवाज चौथ्या ओळीपर्यंत पोचला असेल-नसेल. माईक लावून हजार माणसे बसवली असती, तर तो कोणालाच ऐकू आला नसता.

म्हणून "मोठे सभागृह घ्या, खर्च निघेल" हा सल्ला आम्हाला लागू पडत नाही. आता हिशेब. तीन संध्याकाळींचा खर्च ४ लाख २० हजार रुपये. त्यातला निम्म्याहून जास्त कलावंतांचे मानधन. प्रवासात चेलोलाही विमानात माणसासारखी स्वतंत्र जागा घ्यावी लागते, कारण सामानात टाकला तर तो धड पोचेल याची खात्री नसते. कलावंत आमच्याच घरांत उतरतात, जेवण आम्ही करतो. तिकीट ४०० रुपये. सगळ्या खुर्च्या, सगळ्या सतरंज्या भरल्या तरी १ लाख ८० हजार. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून तिथवर नेले तरी २ लाख २५ हजार. म्हणजे एकही पास न देता तूट आहेच, आणि प्रत्येक पास ती वाढवतो.

ही तूट प्रायोजकाने भरावी, असे सगळेच सांगतात. आम्ही तेही करून पाहिले. एका उद्योगाने दीड लाख कबूल केले. मग कलावंताच्या पाठीमागे आठ फुटी फलक हवा झाला, मध्यंतरात भाषण हवे झाले, शेवटी दोन चित्रपटगीते हवी झाली. सारंगिये तंतकाराच्या, म्हणजे पिढीजात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या, घरात जन्मलेले, सत्तरीचे. त्यांना हे सांगायला मी गेले नाही. कार्यक्रमाला आठ दिवस असताना पैसे येणार नाहीत असा निरोप आला. त्या वर्षीचे मानधन महोत्सव समितीच्या पाच जणांनी आपल्या ठेवी मोडून दिले. कोणाचाही एक पैसा बाकी ठेवला नाही.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचे म्हणाल, तर कंपनी कायद्यात कला-संस्कृती बसते. पण नफ्यातले २ टक्के असे खर्च करण्याचे बंधन वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांना आहे. आमच्या कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखानदार त्यात येत नाही. मोठ्या कंपनीला आमच्यासारख्या तीन संध्याकाळींसाठी वेळ नसतो. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या चॅपेलमध्ये होणारा माँत महोत्सव पाहा. तिथे हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत शेजारी शेजारी ऐकायला मिळते, पण त्याच्यामागे पोर्तुगालचे ओरिएंत फाउंडेशन आहे. आमच्यामागे आम्हीच.

देणगीदारांचा आणखी एक आधार सैल झाला आहे. देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या ८०जीच्या पावतीचा पूर्वी उपयोग व्हायचा. आता बहुतेक पगारदार नव्या कररचनेत गेले आणि तिथे ही वजावट मिळत नाही. जुन्या रचनेत असलात तरी २ हजारांवरची देणगी रोखीत दिली तर सवलत नाही, हेही लक्षात असू द्या. करासाठी द्या, असे मी आता म्हणूच शकत नाही. गाण्यासाठी द्या, एवढेच म्हणते.

कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर न विसंबता, जाहीर जलसे करून, लोकांकडून देणग्या जमवून. पुढे मुंबईची त्यांची इमारत कर्जापायी गेली. हे माहीत असून मी वर्गणीचेच बोलते आहे, कारण तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय ज्यांनी लावली त्यांच्या मुलखात आपण राहतो.

सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती २०११च्या जनगणनेतच पाच लाखांवर होती. ४०० रुपयांच्या तिकिटावर उरणारी २ लाख ४० हजारांची तूट भरायला मला २४० माणसे हवी आहेत, वर्षाला प्रत्येकी १,००० रुपये देणारी. आज ८७ आहेत. त्यांत दोन सतार कारागीर आहेत, एक रिक्षावाले काका आहेत, ते दर महिन्याला शंभरेक रुपये आणून देतात आणि पावती खिशात घडी करून ठेवतात. जमाखर्च आम्ही पहिल्या संध्याकाळी वाड्याच्या दारावर लावतो, कोणीही वाचावा.

आपल्याला एक विनंती. कार्यक्रमाची बातमी छापताना शेवटी "रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे" असे असते, त्याच्या आधी तिकिटाचा दरही छापावा. आणि पाससाठी फोन करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना सांगते, फोन जरूर करा, या वर्षी मी पावतीपुस्तक घेऊन स्वतः घरी येईन. सारंगी-चेलोची संध्याकाळ पुन्हा ठरली आहे. चेलोच्या जागेचे तिकीट अजून काढायचे आहे.

आपली,
एक खजिनदार, मिरज