रात्री खिडक्या उघडायच्या तरी कशा?

महोदय,

उन्हाळ्यात घर थंड ठेवण्यावरचे कालचे तुमचे पान वाचले. एसी 24 अंशांवर ठेवा, पडदे ओढा, ताक प्या, सगळे आले. रात्री खिडक्या उघडा, एवढे मात्र कुठेच नाही. नागपुरात निघणाऱ्या वर्तमानपत्राने हे विसरावे, याचे वाईट वाटले.

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी आई सकाळी नऊच्या आत दारे-खिडक्या लावून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर सताड उघडायची. छताजवळच्या झरोक्यांतून कोंडलेली गरम हवा निघून जायची, अंगणातली गार हवा आत यायची. पहाटेपर्यंत जाड भिंती निवायच्या आणि तो गारवा दुपारपर्यंत पुरायचा. मे महिन्यात इथे दिवसा 43-44 अंश असले तरी पहाटे पारा 28-29 पर्यंत उतरतो. तो उतार घरात येऊ द्यायला वीज लागत नाही.

आता आम्ही फ्लॅटमध्ये, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. झरोका नाही. खिडकी दोन पल्ल्यांची, सरकती, म्हणजे उघडली तरी अर्धीच. गेल्या मे महिन्यात रात्री अकराला वीज गेली ती चारला आली. भिंतीला पाठ टेकवत नव्हती. ऐंशी वर्षांच्या सासूबाईंचे अंग ओल्या पंच्याने पुसत मी ती रात्र काढली. खाली रस्त्यावर चांगला वारा होता.

त्यानंतर पूर्ण उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या स्वखर्चाने बसवायची परवानगी सोसायटीकडे लेखी मागितली. इमारतीचा दर्शनी भाग बिघडेल म्हणून नकार आला. माणूस आत उकडून निघतो त्याचे काय?

केंद्राच्या 2018 च्या इको-निवास संहितेत, म्हणजे राहत्या इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, नागपूरच्या हवामानासाठी उघडता येणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान 12.5 टक्के सांगितली आहे आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी त्यात निम्मीच धरतात. आमच्या बेडरूमचे चटईक्षेत्र 120 चौरस फूट, खिडकी 16, उघडते 8. त्या हिशेबाने 15 हवी. नकाशे मंजूर होतानाच हे मोजले जावे आणि सोसायट्यांना अशी परवानगी नाकारता येऊ नये, असे तुम्ही ठासून लिहा.

आणखी एक. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर रोज रात्री दहानंतर कुणीतरी पालापाचोळा आणि प्लास्टिक जाळते. मग ती अर्धी खिडकीही लावून घ्यावी लागते. तक्रार दोनदा केली, अजून कुणी फिरकलेले नाही.

– एक वाचक, नागपूर