पहिल्या पाच दिवसांचं औषध

चि. रोहन,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "पिल्लं आली की पहिले पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक सोडतो, म्हणजे काळजी नाही." मी डोळ्याच्या ऑपरेशनच्या तपासण्यांमध्ये अडकले होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. ही बॅच पहिल्यांदाच तुझ्या एकट्याच्या हातात आहे.

ते औषध मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं. आजीला लघवीचा संसर्ग झाला होता, आठवतं? नाशिकला कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'रेझिस्टंट' लिहिलेलं, म्हणजे त्या जंतूंवर ते चालत नाही. आपल्या शेडच्या फळीवरचं, पिल्लांना पाजायचं एन्रोफ्लॉक्सासिन हे त्याच घराण्यातलं, हे मला तेव्हा कळलं. आजीचं दुखणं आपल्या कोंबड्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण आजारी नसलेल्या पिल्लांना रोज थोडं थोडं तेच पाजत राहायचं, हे त्या दिवसापासून माझ्या हातून होईना. युरोपात वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक द्यायला 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी आहे. स्वीडनने तर 1986 मध्येच केली. आपल्याकडे 2019 मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद झालं, कारण माणसाच्या अगदी शेवटच्या उपायांपैकी ते एक.

आता त्याऐवजी काय. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जंतू पहिल्याच दिवशी मिळतात. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याचं आतडं म्हणजे रिकामं वावर, जे आधी पडेल ते उगवणार. फिनलंडच्या नुर्मी आणि रान्ताला यांनी 1973 मध्ये मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नव्या पिल्लांना पाजले, तर साल्मोनेला त्यांच्यात सहजी टिकेना. प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगल्या जंतूंच्या पुडीचं, मूळ हेच. म्हणून ते पहिल्या पाण्यापासून द्यायचं, पिल्लं झुरायला लागल्यावर नाही.

आणि पाणी बघ! माझी पहिली पुडी इथेच वाया गेली. टाकीत क्लोरीन टाकलेलं आणि त्याच पाण्यात मी लॅक्टोबॅसिलस जंतूंचं प्रोबायोटिक मिसळलं. जंतू मेले, पैसे गेले. प्रोबायोटिकच्या दिवशी साधं, बिनक्लोरीनचं पाणी घे. राणीखेत रोगावरच्या लासोटा लसीलाही तेच लागतं. खाद्यात मिसळायचं असेल तर बॅसिलस जंतूंचं प्रोबायोटिक घे. त्याचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाच्या उष्णतेतही टिकतात.

ओव्याच्या आणि ओरेगॅनोच्या अर्काचं द्रावण फळीवर उजवीकडे आहे. ओव्यातला थायमॉल जंतूंचं आवरण फोडतो, म्हणून ते मी पाळीने देते. मात्र बाटलीवरच्या मापापेक्षा जास्त नको, वासाने पिल्लं पाणी कमी पितात. लसूण, दालचिनी, हळद यांचेही अर्क मिळतात. दुकानदार प्रत्येकाला रामबाण म्हणेल. तू तसं समजू नकोस. एका कंपनीचा गुण दुसऱ्या बाटलीत असेलच असं नाही, आणि ओलं लिटर, म्हणजे पिल्लांखालचा तुसाचा थर, कुठलाच अर्क सुकवत नाही.

खरी भीती मला निफाडच्या थंडीची आहे. पिल्लं शेगडीजवळ गोळा होऊन एकमेकांवर चढली तर ना जंतू उपयोगी ना ओवा. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीखाली, साधारण 33 अंश सेल्सिअस ठेव, पहाटे तीन-चारला स्वतः उठून बघ. तूस ओला झाला की लगेच काढ. कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) तिथूनच सुरू होतो आणि मागोमाग आतड्याचा दाह.

एवढं करूनही मर वाढलीच, तर हट्टाने थांबू नकोस. दोन मेलेली पिल्लं घेऊन पशुवैद्यकांकडे जा, पोस्टमॉर्टम करून घे. ते म्हणाले तर अँटिबायोटिक दे, पण पूर्ण दिवस दे, आणि शेवटच्या मात्रेनंतर बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय कोंबड्या विक्रीला न्यायची गाडी बोलावू नकोस.

सातव्या दिवशी पन्नास पिल्लं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलून तोल. आल्या दिवसाच्या वजनाच्या चौपट भरायला हवीत. आकडा निळ्या वहीत लिही आणि मला त्याच संध्याकाळी कळव, कमी भरला तरी.

तुझी,
आई