सुरक्षा दिनाचं घोषवाक्य

चि. ताई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, कंपनीतल्या 4 मार्चच्या सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमाची सगळी जबाबदारी तुझ्यावर आलीय. बिल्ले आले, शपथेचा कागद छापून झाला. मग विचारलंस, "बाबा, तुमचं बक्षीस मिळालेलं घोषवाक्य बॅनरवर घालू का?" मी विषय बदलला. फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

ते घोषवाक्य मी भोसरीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात, सुपरवायझर असताना लिहिलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ त्याच बक्षिसाचं. त्याच्या दहा-बारा दिवस आधी माझ्या लाइनवर ठेक्यातल्या एका हेल्परची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. हे मी घरी कधी बोललो नाही.

प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असले तरच स्ट्रोक पडायचा, प्रेस खाली यायची, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, जायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून एका बटणात पाचर ठोकलेली असायची, आणि पोरं एका हाताने बटण दाबून दुसऱ्याने माल काढायची. हे सगळ्यांना माहीत होतं. तासाला किती नग निघाले ते मीच वहीत लिहायचो, आणि आकडा कमी आला की मीच ओरडायचो. आदल्या खंडेनवमीला मशीन पुसून झेंडू वाहिले, तेव्हा त्या पाचरीलाही कुंकू लागलेलं मी पाहिलं होतं. काढली नाही.

त्या पोराला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यात नेलंच नाही. खासगी डॉक्टरकडून पट्टी बांधून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून गेटजवळ खुर्चीवर बसवून हजेरी लावत राहिले. जखमी माणूस 48 तास कामावर आला नाही, तर अपघात कारखाना निरीक्षकाला कळवावा लागायचा. शिवाय गेटवर फळा होता, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. सुरक्षा दिनाला पाहुणे येणार होते, तो आकडा शून्यावर आणायची कुणाचीच तयारी नव्हती. खरं तर रजेच्या काळात त्याला ईएसआयकडून भत्ता मिळायला हवा होता, आणि कायमच्या अपंगत्वाचे पैसे वेगळे. काही मिळालं नाही. कागदावर अपघात झालाच नव्हता. तीन महिन्यांनी ठेकेदाराने त्याला कामावरून बंद केलं.

शपथेला तो माझ्या पुढच्याच रांगेत होता. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला, त्याने डावा. त्यानंतर दहा मिनिटांनी मी स्टेजवर जाऊन घड्याळ घेतलं.

4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा स्थापना दिवस, 1966 सालचा. मालक, कामगार संघटना आणि सरकार यांना एकत्र बसवणारी ती संस्था. यंत्राच्या धोकादायक भागाला पक्कं कुंपण हवं, हे तर 1948 च्या कारखाने कायद्यानेच सांगितलं होतं. म्हणजे या दिवशी मशीनवरच्या माणसाने बोलायचं आणि साहेबांनी ऐकायचं. आमच्याकडे तो रांगेत उभा राहून शपथ म्हणायचा आणि पेढा घेऊन मशीनवर परत जायचा.

बिल्ले लावा, पेढे वाटा, त्याला माझी हरकत नाही. पण लाइन एक तास बंद ठेवायला लाव, आणि त्या तासात ऑपरेटरांना, ठेक्यातल्या पोरांना सगळ्यात आधी, विचार की मशीनचा कुठला गार्ड, म्हणजे कुंपण, काढावा लागतो आणि कशासाठी. तेव्हा त्यांचा सुपरवायझर जवळ नको. मी जवळ असताना माझ्या लाइनवरचं कुणी एक शब्द बोललं नसतं.

दुसरं, गार्ड आणि दोन्ही बटणं वापरून तासाला किती नग निघतात ते स्वतः उभी राहून मोज, आणि टार्गेट म्हणून तोच आकडा माग. तू नवीन आहेस, नाही म्हणतील. तरी लेखी माग. पाचर ठोकायला लावतो तो टार्गेटचा आकडा, पोरांना हौस नसते. गेटवर फळा असेल तर तोही उतरवायला सांग, नाहीतर पुढचं बोटही असंच लपवलं जाईल.

माझं घोषवाक्य वापरू नकोस.

रविवारी आलीस की दोन बटणांची जोडणी कशी तपासायची ते कागदावर काढून दाखवतो. एक बटण दाबून धरलेलं असेल तर पुढचा स्ट्रोक पडताच कामा नये. आधी तेवढं प्रत्येक प्रेसवर करून बघ, आणि ते करताना डायपासून लांब उभी राहा.

तुझे,
बाबा