नॅरोगेजची कोळशाची बाजूही जपा

संपादक महोदय,

मिरज-पंढरपूर नॅरोगेजच्या आठवणी निघाल्या की वारकऱ्यांची गर्दी आणि टपावरचा प्रवास एवढेच आठवते. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे नाव कुणी काढत नाही. माझे वडील त्या गाडीवर फायरमन होते, म्हणून हे मला लागते.

मुलीकडे न्यूझीलंडला गेलो तेव्हा वेस्टपोर्टजवळचे डेनिस्टन पाहिले. डोंगरमाथ्यावरच्या खाणींतला कोळसा तिथे 1879 पासून 1967 पर्यंत उतारावरच्या रुळांवरून खाली येत असे. लांबी 1,670 मीटर आणि उतरण 500 मीटरांहून जास्त! सर्वांत तीव्र जागी 1.3 मीटर पुढे गेले की एक मीटर खाली. गाडी ओढायला इंजिन नाही. रहाटाच्या दोन बादल्यांसारखे काम: भरलेली वाघीण (मालडबा) उतरताना तारेच्या दोराने रिकामीला वर खेचायची. उतार दोन टप्प्यांचा, मध्ये वाघीण एका दोरावरून सोडवून दुसऱ्याला जोडायची. वेग आवरायला पाण्याच्या दाबावरचे ब्रेक. सुरुवातीला वर जायला धड वाट नव्हती, तेव्हा बायकामुलेही याच वाघिणींतून चढत. सुमारे 1 कोटी 30 लाख टन कोळसा असा उतरला. वेस्टपोर्टच्या संग्रहालयात एक वाघीण मूळ उताराच्याच कोनात उभी केली आहे. मी जन्मभर फिटरकाम केले. ती पाहताच ब्रेकवाल्याच्या हातात काय असायचे ते मला कळले. पाटी वाचावी लागली नाही.

आपली ही नॅरोगेज, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेही साधी नव्हती. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ती उभी केली, 1897 मध्ये सुरू झाली, 1927 मध्ये मिरजेला पोचली. रूळ अडीच फुटी, आणि चाकांच्या एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही हा दंडक. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाई.

मिरज स्थानकाजवळ या गाडीच्या आठवणींसाठी एक खोली मिळावी. कंदील, टोकन (एकेरी मार्गावर गाडी सोडण्याची परवानगी म्हणून चालकाला द्यायची खूण), फावडी, रुळाचा तुकडा तिथे ठेवावा. वडिलांचे फावडे मी देईन. पण नुसत्या वस्तू मांडून भागणार नाही. कोळसा ढीग न करता पातळ पसरायचा, चढ येण्याआधीच वाफ धरून ठेवायची, हे वडील सांगत. असे सांगणारे जुने फायरमन आणि शंटर (डबे जोडणारे-हलवणारे) आता फार थकले आहेत. खोलीची मंजुरी येईल तेव्हा येवो, रेल्वेने आणि इथल्या महाविद्यालयांनी त्यांची ध्वनिमुद्रणे याच वर्षी करून घ्यावीत.

— एक निवृत्त फिटर, मिरज