अर्ध्या कागदावरचे विषय

अंबाझरी लेआउट, नागपूर
3 ऑगस्ट 2025

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू मुक्ताच्या अ‍ॅडमिशनचं विचारलंस आणि मी "झाली रे, सायन्सला" एवढंच बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर संध्या म्हणाली, "भाऊजींना खरं का नाही सांगितलं?" खरं सांगायला फोन पुरला नसता. म्हणून हे पत्र. रविवार आहे, बाहेर पाऊस आहे, तूही निवांत असशील तेव्हाच वाच.

सायन्सला अ‍ॅडमिशन झाली, हे खोटं नाही. पण तिला शिकायचा होता त्यातला एक विषय तिला मिळाला नाही. तो का मिळाला नाही याचा माग काढता काढता मी पार आपल्या आठवीपर्यंत जाऊन पोचलो.

2023 च्या सप्टेंबरातली ती पहाट तुला वेगळी आठवून द्यायला नको. 23 तारीख होती. चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी आमच्या तळमजल्यात शिरली. दुपारी तू वर्ध्याहून जेवणाचे डबे घेऊन आलास, तेव्हा आम्ही गाद्या आणि फायली उन्हात पसरत होतो. मुक्ता तेव्हा नववीत होती. ती काय करत होती, हे त्या गडबडीत तुझ्या लक्षात आलं नसेल. भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ राहिली होती, ती पोरगी कंपासमधल्या पट्टीनं मोजत होती. प्रत्येक खोलीत. बैठकीत किती, स्वयंपाकघरात किती, जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत, सगळं तिनं वहीत लिहून ठेवलं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास. पाणी आधी आपल्याच गल्लीत का आलं? नाग नदी शहराच्या पश्चिमेला लाव्ह्याकडच्या टेकड्यांत निघते, अंबाझरीतून खाली येते, भर शहरातून जाते, पुढे पिवळी नदी मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा, हे तिला आता तोंडपाठ आहे. दहावीला भूगोलाचा पेपर 40 गुणांचा. वर्गातली बाकीची मुलं त्याला परीक्षेच्या दोन दिवस आधी हात लावत होती. हिनं तो वर्षभर वाचला, तोही गुणांसाठी नव्हे.

अकरावीला काय घ्यायचं, हे तिनं निकालाआधीच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं: इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि भूगोल. मी स्वतः राज्य शिक्षण मंडळाची विषयांची यादी बघितली. विज्ञान शाखेच्या मुलांना भूगोल घेता येतो, त्याचं प्रात्यक्षिकही असतं. नदीचं पाणी समजून घ्यायला गणित आणि फिजिक्स लागतं आणि जमीन समजून घ्यायला भूगोल, हे पंधरा वर्षांच्या मुलीला कळलं होतं. मी निर्धास्त होतो.

यंदापासून अख्ख्या राज्याचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. आपल्या शहरात ते आधीपासून होतेच. फॉर्मच्या दुसऱ्या भागात एक ते दहा कॉलेजांचे पसंतिक्रम भरायचे, शाखा भरायची, माध्यम भरायचं. कुठले विषय घ्यायचेत, हे त्यात कुठेच विचारत नाहीत. ते ठरतं कॉलेज अलॉट झाल्यावर, प्रवेश पक्का करायला गेलं की, खिडकीवर. आणि मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे हुज्जत घालायलाही वाव नसतो.

त्या खिडकीवर आम्हाला अर्धा कागद मिळाला. खरोखरचा अर्धा, फुलस्केप मधोमध फाडलेला. त्यावर चार गट छापलेले: गणिताचा, जीवशास्त्राचा, दोन्हींचा आणि कॉम्प्युटर सायन्स बायफोकलचा, म्हणजे दोन विषयांच्या जागी एक व्यावसायिक विषय. एकावर टिक करा आणि खाली सही करा. मुक्तानं कागद उलटून मागची बाजू बघितली. कोरी होती. मग तिनं आपली वही उघडून खिडकीत सरकवली. आतल्या बाईंनी ती वाचली, हसल्या आणि म्हणाल्या, "सायन्सला भूगोल? बेटा, तो आर्ट्सवाल्यांचा." मागे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ मला अगदी कळवळून म्हणाले, "भाऊ, कायले डोकं लावता? मराठीच्या जागी आयटी टाका, बायो टाका, मार्क पडते."

मी पर्यवेक्षक सरांना जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि भिंतीवरचं टाइमटेबल दाखवलं. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, कला शाखेला भूगोल शिकवतात. सर आहेत, नकाशे आहेत. पण त्यांचा तास आणि मुक्ताच्या बॅचचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल एकाच वेळी. शिवाय कला शाखा अनुदानित आणि विज्ञानाच्या तुकड्या विनाअनुदानित. तिथले शिक्षक तासिका तत्त्वावर. इकडच्या मुलीनं तिकडच्या वर्गात बसायचं, तर तिची हजेरी कोण घेणार आणि तो कार्यभार कुणाच्या खात्यात धरणार? "एका मुलीसाठी मी काय काय हलवू, तुम्हीच सांगा," असं ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतकंच म्हणालो, "सर, एकच मुलगी आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर कुणाला विचारलंच नाही." त्यावर ते गप्प बसले.

दिलीप, मला हेच तुला सांगायचं आहे. मुलांना नको असतात म्हणून विषय बंद पडतात, असं आपण समजत आलो. मुलांपुढे ते ठेवलेच जात नाहीत. मंडळाची यादी भलीमोठी आहे, शाळेची यादी अर्ध्या कागदाची आहे, आणि परीक्षेचा फॉर्म शाळेमार्फतच भरायचा असल्यामुळे शाळेच्या कागदावर जे नाही ते मुलाच्या लेखी जगातच नाही. मग संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवताना, मुलं मोजतात, विषयाला मुलं नाहीत म्हणून शिक्षकाचं पद जातं, आणि पद गेलं की पुढच्या वर्षी विषय द्यायचा प्रश्नच उरत नाही. या चक्रात नेमका दोष कुणाचा, हे कुणालाही दाखवता येत नाही. ज्याच्या टेबलावर जावं तो पुढचं टेबल दाखवतो.

निकालाचं ओझं वेगळंच. आपल्याकडे शाळेच्या फाटकावर "निकाल 100 टक्के" असं फ्लेक्स लागतं. ते टिकवायचं तर ज्या विषयात गुण पडतील तोच विषय मुलाला द्यायचा, आणि ज्याचा भरवसा वाटत नाही त्याला नववीतच बाजूला घेऊन 17 नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं, म्हणजे तो खासगी विद्यार्थी होतो आणि शाळेच्या निकालात मोजला जात नाही. आमच्या समोरच्या गल्लीतल्या एका मुलाला असंच सांगितलं. त्याची आई रडत आमच्याकडे आली होती. त्याबद्दल कधी भेटीत बोलू, पत्रात लिहवत नाही.

मराठीचंही तेच झालं. 2020 च्या कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. अकरावीला मात्र मराठीच्या जागी आयटी घेता येतं. आयटीचा 80 गुणांचा पेपर कॉम्प्युटरवर होतो आणि 20 गुण प्रॅक्टिकलचे, त्यामुळे ते "स्कोअरिंग". ज्याला मनापासून घ्यायचं त्यानं घ्यावं, माझी ना नाही. पण खिडकीवरच्या बाई प्रत्येकाला न विचारता "आयटी ना?" असं म्हणत टिक करून देत होत्या. मी अर्धा तास रांगेत होतो, माझ्यासमोर एकानंही मराठी घेतलं नाही. मुक्तानं घेतलं. तेवढं तरी आम्ही मिळवलं.

शेवटी तिचे विषय झाले फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी, इंग्रजी, मराठी. कला शाखेत जाऊन भूगोल घेतला असता तर गणित मिळालं असतं, पण फिजिक्स गेलं असतं. दोन रात्री ती त्यावर विचार करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, फिजिक्स माझं मला येणार नाही. भूगोल मी घरी वाचीन." पंधराव्या वर्षी तिनं एवढा समंजसपणा दाखवावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं. मी उठून गॅलरीत गेलो.

आणि या वयात सुटलेला विषय सहसा परत येत नाही. ज्यानं गणित सोडलं त्याला इंजिनिअरिंग बंद. ज्यानं जीवशास्त्र सोडलं त्याला वैद्यकीय इतकं बंद, की नंतर वेगळा विषय म्हणून परीक्षा दिली तरी 'नीट'साठी तो धरत नसत. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती अट काढली. ती असताना दोघा-चौघांची पाच-सहा वर्षं वाया गेलेली मी आमच्या ऑफिसात बघितली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्पष्ट लिहिलं आहे की कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत असू नये. मी ते पान छापून पर्यवेक्षक सरांकडे नेलं होतं. त्यांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, "पटतं हो मला. पण माझ्याकडे वर्गखोल्या तेवढ्याच आहेत."

आता आठवीचं. महाल भागातली आपली शाळा, शाळा उघडल्याचा पहिला आठवडा, व्हरांड्यातला फळा. सातवीच्या गुणांवर नावं लागली होती. 'अ' तुकडीला संपूर्ण संस्कृत, 'ब' ला संयुक्त (अर्धं संस्कृत, अर्धं हिंदी), 'क' आणि 'ड' ला हिंदी. तू 'अ' मध्ये, मी 'क' मध्ये. आपण दोघं एकमेकांकडे न बघता पाणी प्यायला गेलो होतो. तुला संस्कृत नको होतं, तू घरी जाऊन काकूंपुढे रडलास, आणि त्या म्हणाल्या, "अ तुकडी सोडायची म्हणजे काय?" मला ते हवं होतं. आजोबा रोज पहाटे विहिरीवर आंघोळ करताना जे म्हणायचे, त्याचा अर्थ मला लावायचा होता. वर्गशिक्षकांना मी विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "तुला झेपणार नाही, हिंदीत मार्क घे." मला झेपलं असतं की नाही, देव जाणे. आजोबा मी दहावीत असताना गेले. त्यातली एक ओळ मला अजून येते, अर्थासकट नाही.

हे मी तुला इतक्या वर्षांत कधी बोललो नाही. मुक्ता खिडकीत वही सरकवून उभी होती, तेव्हा ते सगळं एकदम वर आलं. खिडकीसमोर मीच उभा आहे असं वाटलं.

एक चांगली गोष्ट राहिली. आम्ही जिना उतरत असताना वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर मागून आले. खाली झालेलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मुक्ताला विचारलं, "नदी का आवडते तुला?" तिनं भिंतीवरच्या रेघेचं सांगितलं. सर तिला आपल्या खोलीत घेऊन गेले आणि कपाटातून एक जुना स्थलनिर्देशक नकाशा काढून दिला. भारतीय सर्वेक्षण खात्याचा, 55 ओ/4. नागपूर आहे त्यात. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. घड्यांवर विरला होता, सरांनी मागून कापडी पट्टी लावलेली होती. "परत आणून दिला नाहीस तरी चालेल," म्हणाले. "या वर्षी माझ्याकडे नकाशा मागणारं दुसरं कुणी आलं नाही."

तो आता आमच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली आहे. मुक्तानं तलावाचा सांडवा, त्याखालचा नाला आणि आमची गल्ली अशी बोटानं रेघ ओढून आम्हाला दाखवली. समोच्च रेषा बघितल्यावर एका मिनिटात कळतं, पाणी दुसरीकडे कुठे जाणारच नव्हतं. संध्यानं डोक्याला हात लावला. घर घेताना आपण हे का बघितलं नाही, म्हणून.

दिलीप, तू वर्ध्याच्या त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेस. तुला कधी काही मागितलं नाही, आज मागतो. पुढच्या वर्षीचे विषयगट छापायच्या आधी, एप्रिलमध्येच, तुमच्या दहावीच्या मुलांपुढे मंडळाची अख्खी यादी ठेवा आणि प्रत्येकाकडून लिहून घ्या, काय शिकायचं आहे ते. सगळं देता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण एका विषयाला पाच-सहा नावं निघाली, तर तेवढ्यांसाठी टाइमटेबल हलवता येतं का बघा. आणि तुमच्या कला शाखेचे भूगोलाचे किंवा मानसशास्त्राचे सर रिकाम्या वर्गाकडे बघत बसले असतील, तर त्यांनाही विचारा.

दिवाळीत सगळ्यांना घेऊन ये. सांबारवडी संध्या करणारच आहे. वहिनींना नमस्कार, लहान्याला आशीर्वाद.

आणि एक कळव. तुमच्या शाळेत आठवीची संस्कृतची यादी अजून सातवीच्या गुणांवरच लागते का?

तुझा,
सुधाकर