सायकल शर्यतीची बातमी ‘रस्ते बंद’पुरती नको

‘पुणे ग्रँड टूर’संबंधीच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. वाहतूक बदलांना भरपूर जागा होती, खुद्द शर्यतीला मात्र फारच कमी. वाहतुकीची माहिती हवीच. पण जानेवारी २०२६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातून ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत गेली, तिचा खेळ वाचकांपर्यंत पोहोचला नाही.

टप्प्यांची शर्यत समजावून सांगावी लागते. दिवसाचा टप्पा जिंकणारा आणि सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेत पुढे असणारा, हे दोघे बहुधा वेगळे असतात. रस्त्याकडेला उभ्या माणसासमोरून सायकलस्वारांचा जथा काही सेकंदांत निघून जातो. मी आमच्या चौकात दीड तास थांबलो होतो. एकूण वेळेत कोण पुढे आहे आणि दुसरा किती सेकंदांनी मागे, असे शेजारच्या शाळकरी मुलांनी विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. याची फार चुटपुट लागली.

‘टूर द फ्रान्स’ ही फ्रान्समधली प्रसिद्ध टप्प्यांची सायकल शर्यत १९०३ मध्ये ‘ल’ओतो’ या दैनिकानेच सुरू केली. एकूण वेळेत पुढे असणाऱ्याला मिळणाऱ्या, १९१९ मध्ये आलेल्या पिवळ्या जर्सीचा रंगही या दैनिकाच्या पिवळ्या कागदाशी जोडला जातो. वृत्तपत्र आणि ही शर्यत यांचे नाते इतके जुने आहे.

पुढच्या वेळी रोज टप्प्याचा नकाशा, गावोगावची अपेक्षित वेळ, एकूण वेळेतील पहिले दहा आणि भारतीय सायकलपटूंचे स्थान एवढे तरी छापावे, ही विनंती.

– एक सायकलप्रेमी वाचक, पुणे