परत का आलीस, असं विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरा दिवसांत वीसेक जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : ‘अगं, परत का आलीस?’ खालच्या मजल्यावरच्या काकू, बाबांचे बँकेतले मित्र, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले दादा, अगदी आजीला तपासायला येणारे डॉक्टरसुद्धा. विचारणाऱ्यांच्या मनात माझ्याबद्दल मायाच आहे, हे मला कळतं. दर वेळी मी ‘सेमिस्टर संपलं म्हणून’ एवढंच म्हणते आणि वर निघून येते. खरं उत्तर जिन्यात उभं राहून देण्यासारखं नाही. ते आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर द्यावं, असं वाटलं.

मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करते. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५ हे हिवाळी सेमिस्टर मी जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात केलं. पुणेकरांना ब्रेमेन हे नाव औंधच्या ब्रेमेन चौकामुळे ठाऊक असतं. दोन्ही शहरांचं जुनं मैत्रीचं नातं आहे. अशा एक्स्चेंजमध्ये, म्हणजे विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत, प्रवेश इथलाच असतो आणि पदवीही इथलीच. काही महिने तिथे शिकायचं आणि उरलेलं परत येऊन पूर्ण करायचं. माझा प्रबंध सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडावर, आहे. माझा दगड इथे आहे, मी परत येणारच होते. जातानाही हे माहीत होतं, तरी निघताना इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

मी राहत होते तो भाग नॉयश्टाट, म्हणजे शब्दशः ‘नवं शहर’. आम्ही नवी पेठेत राहतो, त्यामुळे पत्ता पाठ करायला सोपा गेला. वेझर नदीच्या या बाजूला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात मला भाड्याने खोली मिळाली होती. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. पहिले तीन आठवडे आमचं बोलणं म्हणजे कचरा कोणत्या वारी कोणत्या डब्यात टाकायचा आणि खिडकी किती वेळ उघडी ठेवायची, एवढंच. मी त्यांना अर्थातच ‘झी’ म्हणायचे. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ आणि ‘डू’ म्हणजे ‘तू’. वयाने मोठ्या माणसाने स्वतःहून ‘मला डू म्हण’ असं सांगितल्याशिवाय धाकट्याने ‘डू’वर यायचं नसतं. आजीला जन्मापासून ‘अगं आजी’ म्हणत आलेल्या मला ते ‘झी’ फार परकं वाटायचं.

नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी ब्रेमेनमध्ये रिफॉर्मेशन डेची, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या दिवसाची, सुटी असते आणि दुकानं सगळी बंद. आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून त्यांना दिवाळीबद्दल सांगत होते. आकाशकंदिलाला जर्मन शब्द सुचेना, म्हणून जोडून केला : ‘हिमेल्सलाटेर्न’. त्या दचकल्याच. त्या नावाचे हवेत सोडायचे कंदील तिथे असतात आणि आगीच्या भीतीने त्यांच्यावर बंदी आहे. मग मी वहीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं : गॅलरी, दोरी, कंदील, खाली सोडलेल्या झिरमिळ्या. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता झोपायला गेल्या.

पहाटे आईने बरोबर दिलेलं उटणं लावून, मोती साबणाने अंघोळ करून मी बाहेर आले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत कंदील पेटलेला होता. गोल, पिवळ्या कागदाचा, वर चंद्राचं तोंड रंगवलेलं, एका बाजूला फाटलेला आणि चिकटपट्टीने जोडलेला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला तिथली लहान मुलं काठीला असे कंदील अडकवून, गाणी म्हणत संध्याकाळी रस्त्यातून फिरतात. हा त्यांच्या नातवाचा, बालवाडीतला. रात्री तळघरात जाऊन त्यांनी तो शोधून काढला होता. झिरमिळ्यांच्या जागी भेटवस्तूला बांधतात त्या फितीचे तुकडे लावले होते. माझ्या वहीतल्या चित्रात झिरमिळ्या पाच होत्या, म्हणून फितीही पाचच.

मी डब्यातली चकली काढून दिली. ती खाऊन त्या म्हणाल्या, ‘आजपासून मला डू म्हण.’

आता मला सांगा, हे सोडून येताना रडू येणार नाही का? आणि रडू आलं म्हणजे मला पुणं नको आहे, असा त्याचा अर्थ होतो का?

पुण्याची आठवण तिथे रोज यायची. ब्रेमेन सपाट आहे. शहरातली सगळ्यांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३२ मीटर. मी वेताळ टेकडीवर वाढले, ती सुमारे ८०० मीटर. चढ म्हणजे काय ते माझे पाय विसरून जातील, अशी मला खरोखर काळजी वाटायची. डिसेंबरात दुपारी चारनंतर लगेच सूर्य मावळायचा. आईला फोन करावा तर पुण्यात साडेआठ वाजून गेलेले असायचे, मागे कुकरची शिट्टी, बाबांच्या बातम्या, आजीचं ‘कोण गं?’. फोन ठेवला की खोली एकदम गप्प व्हायची. ज्या दिवशी तुर्की दुकानात कोथिंबिरीची जुडी दिसली, त्या दिवशी मी ती हातात धरून नुसती हुंगत उभी राहिले होते.

आणि तरीही तिथे जे शिकले, ते दुसरीकडे कुठे शिकले नसते. विद्यापीठाच्या परिसरात समुद्रतळ खोदून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांचं भांडार आहे : अटलांटिक, भूमध्य समुद्र, आर्क्टिक. सगळ्या नळकांड्या एकापुढे एक ठेवल्या तर दीडशे किलोमीटरच्या वर लांबी भरेल. ती थंडगार खोलीत जपून ठेवलेली असतात. हिंद महासागरातली मात्र तिथे नाहीत, ती जपानमध्ये कोचीला असतात. पहिल्यांदा एक उभी चिरलेली नळकांडी माझ्यासमोर ठेवली, तेव्हा करड्या गाळात नखाएवढी एक गडद रेघ होती. सर म्हणाले, ही ज्वालामुखीची राख. लाव्हाच्या थरांवर बांधलेल्या शहरातून गेलेली मी. पण आपल्याकडे लाव्हाचे डोंगर उभे आहेत, आणि तिथे तो सगळा प्रकार नखाएवढ्या रेघेत वाचायचा. त्या दुपारी मला माझाच विषय नव्याने आवडला.

शेवटचे दोन दिवस सांगते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. यंदा तो रविवार ३० मार्चला आला आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. रात्री मी बॅगा भरत जागीच होते. दोन वाजले आणि फोनवरचं घड्याळ सरळ तीनवर गेलं. अर्ध्या तासाने आईचा व्हिडिओ कॉल आला, पुण्यात सकाळचे सात. गुढी उभी राहत होती, बाबा काठी धरून, आई साखरेची गाठी अडकवतेय, आजी खुर्चीत. पुण्याचं आणि माझं अंतर कालपर्यंत साडेचार तासांचं होतं, ते साडेतीन तासांवर आलं होतं. घर एका तासाने जवळ आलं, म्हणून बरं वाटलं. आणि बाईंच्या घरातल्या माझ्या शेवटून दुसऱ्या रात्रीतला एक तास गेला, म्हणून पोटात तुटलं. कडुनिंबाचं पान नव्हतं. आईने तिकडे खाल्लं, मी इकडे नुसती साखर.

विद्यापीठाला जाणारी सहा नंबरची ट्राम उलट्या दिशेला विमानतळावर जाते. सहा महिने मी रोज एका थांब्यावर उभी राहत होते. ३१ तारखेला पहिल्यांदाच बॅगा घेऊन समोरच्या थांब्यावर उभी राहिले. बाई सोडायला आल्या होत्या. त्यांनी पुढच्या दिवाळीची तारीख विचारली. आमची तारीख दर वर्षी बदलते, हे त्यांच्या लक्षात होतं. नरक चतुर्दशी यंदा २० ऑक्टोबरला. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिणार आणि कंदील लावणार, म्हणाल्या. मग ट्राम आली.

इथे आल्यावर मी सुखात आहे. पहिल्याच संध्याकाळी टेकडीवर जाऊन आले. पण विभागात गेले तेव्हा माझी गुणपत्रिका मागितली, क्रेडिटचा तक्ता मागितला, दोन अर्ज भरायला दिले, आणि झालं. तिथे काय पाहिलंस, असं कुणीच विचारलं नाही. पुढच्या वर्षी जाणाऱ्या दोन मुली त्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांना माझ्यासमोर बसवावं, असंही कुणाला वाटलं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाटत असतानाच दुसरं एक आठवलं. ते आठवल्यापासून मला चैन नाही, आणि हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

बी.एस्सी.ला माझ्या वर्गात अफगाणिस्तानचा एक मुलगा होता, शिष्यवृत्तीवर आलेला. तीन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. २०२१च्या ऑगस्टमध्ये, १५ तारखेला, तालिबानने काबूल घेतलं. तेव्हा आमचे तास ऑनलाइन चालत. दुसऱ्या दिवशीच्या तासाला स्क्रीनवर त्याच्या नावाची काळी चौकट होती. कॅमेरा बंद, आवाज बंद, पण तो हजर होता. सगळ्यांनी बातम्या पाहिल्या होत्या. कुणीही त्याला काही विचारलं नाही. मीही नाही. तास संपला आणि चौकटी एकेक करून विझल्या. दिवाळीत पेठांमधल्या खानावळी बंद असतात, तेव्हा तो कुठे जेवत असेल, हाही विचार माझ्या मनात तीन वर्षांत आला नाही. आमचं घर कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे. आता मी त्याचा नंबर लावून पाहिला, लागत नाही.

आपण पुण्याला ‘पूर्वेचं ऑक्सफर्ड’ म्हणतो. आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, अफगाणिस्तानातून मुलं इथे किती वर्षांपासून शिकायला येत आहेत. त्यांचंही सेमिस्टर संपतं, तीही बॅगा भरतात, त्यांच्याही पोटात तुटत असेल. त्यांना आठवावा असा एखादा कंदील आपण कुणाच्या खिडकीत लावला आहे का?

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतलं होतं. आनंदीबाईंची हकिगत एका नियतकालिकात वाचून या अनोळखी बाईने आधी स्वतःहून पत्र लिहिलं होतं. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच पुण्यात वारल्या आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. त्या आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत आहेत. लहानपणी हे वाचलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं : आपल्या माणसाच्या अस्थी इतक्या लांब का? आता वाटत नाही.

आपल्या वर्तमानपत्रात परदेशी शिक्षणाबद्दल पुष्कळ छापून येतं. शिष्यवृत्ती, व्हिसा, परीक्षा, कर्ज. त्याचा मला जाण्याआधी फार उपयोग झाला, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते सगळं जाण्याबद्दल असतं. जाऊन आलेल्यांना, आणि त्याहून अधिक म्हणजे पुण्यात शिकायला आलेल्यांना, थोडी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे. महाविद्यालयांनाही सांगणं आहे : परतलेल्या मुलांकडून गुणपत्रिका घ्याच, पण एक तास त्यांना बोलू द्या, समोर पुढच्या वर्षी जाणारी मुलं बसवा, आणि आपल्याकडे बाहेरून आलेली मुलंही बसवा. त्याला पैसा लागत नाही.

आमच्या विभागात यंदा पहिल्या वर्षाला इथिओपियाची एक मुलगी आहे. मी नसताना आली, त्यामुळे ओळख नव्हती. मागच्या आठवड्यात ओळख करून घेतली. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आहे, त्या दिवशी तिला घरी जेवायला बोलावलं आहे. आमरस होईल. आजीने कालपासून दोनदा विचारलं, की ती तिखट कितपत खाते. ते मला अजून माहीत नाही, उद्या विचारणार आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी
नवी पेठ, पुणे ३०
१६ एप्रिल २०२५